शंभर मीटर आणि पाव मिलिमीटर

चीनच्या ग्वेइझोऊ प्रांतात डोंगरांच्या नैसर्गिक खळग्यात बसवलेली 'फास्ट' ही रेडिओ दुर्बीण ५०० मीटर व्यासाची आहे. एवढी मोठी भरीव तबकडी जगात दुसरी नाही. आपल्याकडे जुन्नर तालुक्यातल्या खोडदला 'जीएमआरटी'च्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ ४७ हजार चौरस मीटरांच्या वर जाते. तरीही या दोन्ही दुर्बिणींना तीन मिलिमीटर तरंगलांबीची लहर दिसत नाही. 'फास्ट'ची मजल १० सेंटिमीटरपर्यंत आहे, खोडदची साधारण २१ सेंटिमीटरपर्यंत. याउलट स्पेनच्या सिएरा नेवाडा पर्वतावर पिको वेलेता शिखराजवळ, २,८५० मीटर उंचीवर असलेली अवघ्या ३० मीटर व्यासाची तबकडी १९८०च्या दशकापासून मिलिमीटर लहरींवर पहिल्या प्रतीचे काम करते आहे. दुर्बीण जेवढी मोठी तेवढी चांगली, हा हिशेब या प्रांतात अर्धाच खरा आहे. मिलिमीटर लहरींसाठी मोठ्या तबकडीची किंमत तिच्या व्यासावर जितकी ठरते, त्याहून अधिक ती स्वतःचा आकार किती बारकाईने ओळखते आणि सावरते यावर ठरते. हे सावरणे बांधकाम संपले म्हणून थांबत नाही. ते वर्षानुवर्षे सुधारत जाते. म्हणूनच मोठ्या तबकड्यांचा काळ सरला, आता छोट्या अँटेनांच्या संचांचा जमाना आहे, असे जे अधूनमधून ऐकू येते ते मला मुळातच चुकीचे वाटते. का, ते तपशिलात पाहावे लागेल.

आधी या लहरींसाठी एवढा आटापिटा कशाला, ते. तारे जन्मतात ते आकाशगंगेतल्या अतिशय थंड, काळोख्या ढगांमध्ये. तिथले तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम १० अंश असते. हे ढग मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंचे असतात, पण दोन सारखे अणू जोडून झालेला हा सममित रेणू इतक्या थंडीत जवळजवळ मुकाच असतो. ढगाचा ठावठिकाणा सांगतो तो त्याच्यात अगदी थोड्या प्रमाणात मिसळलेला कार्बन मोनॉक्साइड. हा रेणू स्वतःभोवती फिरण्याची गती एका पायरीने कमी करतो तेव्हा ११५ गिगाहर्ट्झची, म्हणजे २.६ मिलिमीटरची लहर बाहेर पडते. १९७०मध्ये रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्‌स आणि आर्नो पेंझियास यांनी ॲरिझोनातल्या किट पीकवरच्या ३६ फुटी दुर्बिणीने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या दिशेने ही लहर पहिल्यांदा टिपली. अंतराळात इतका वायू दडलेला आहे हे त्यानंतर उलगडत गेले. हायड्रोजन सायनाइड, फॉर्मिल आयन, डायाझेनिलियम अशा घनदाट वायूची खूण सांगणाऱ्या कितीतरी रेणूंच्या रेषा याच तीन-चार मिलिमीटरांच्या पट्ट्यात येतात. आणि आपले वातावरणही इथे थोडी वाट देते. ६० गिगाहर्ट्झजवळ आणि ११९ गिगाहर्ट्झजवळ प्राणवायू लहरी शोषून घेतो, पण या दोन भिंतींच्या मधली खिडकी बऱ्यापैकी पारदर्शक आहे. तारा होण्याआधीच्या वायूची हालचाल, घनता, तापमान आणि रसायन वाचायचे तर या खिडकीतूनच डोकावावे लागते.

पृष्ठभागाच्या चुकीचा हिशेब जॉन रुझ यांनी मांडला. १९६६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा आढावा आजही अँटेना बांधणाऱ्यांच्या हाताशी असतो. आदर्श अन्वस्त आकारापासून तबकडीचा पृष्ठभाग सरासरीने किती ढळला आहे आणि ऐकायच्या लहरीची लांबी किती, या दोहोंच्या गुणोत्तरावर दुर्बिणीची कार्यक्षमता घातांकी वेगाने घसरते, हे त्या सूत्राचे सार. 'घातांकी' हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. समजा, पृष्ठभागात सरासरी एक मिलिमीटरची चूक आहे. हायड्रोजन अणूच्या २१ सेंटिमीटर लहरीसाठी तिच्यामुळे अर्धा टक्काही नुकसान होत नाही. तीच तबकडी ३ मिलिमीटरच्या लहरीकडे वळवली, तर दहा कोटींतले जेमतेम दोन-तीन भाग केंद्राशी नीट पोहोचतात. बाकीचे भलत्याच दिशांना विखुरतात. दुर्बीण तीच, पोलाद तेच, पण एका लहरीसाठी ती जवळजवळ निर्दोष असते आणि दुसरीसाठी निव्वळ लोखंडी सांगाडा. म्हणून मिलिमीटर खगोलशास्त्रात व्यासाच्या आकड्याबरोबर पृष्ठभागाची चूक मायक्रॉनमध्ये सांगितल्याशिवाय बोलणे पुढे जात नाही. अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या १०० मीटर तबकडीत ही चूक साधारण २४० मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटरच्याही आत आणलेली आहे. ती तबकडी ताणून पुण्यापासून नागपूरपर्यंत पसरवली, तर एवढ्या सातशे किलोमीटरांत उंचसखलपणा निघेल तो फार तर पुरुषभर.

यावरून खोडदला कमी लेखण्याचे काही कारण नाही. गोविंद स्वरूप यांनी तिथे पोलादी दोरांच्या सांगाड्यावर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी ताणून तबकड्या उभ्या केल्या. जाळीचे डोळे १० ते २० मिलिमीटरांचे आहेत. वारा त्यांतून निघून जातो, वजन कमी राहते आणि खर्चही. मीटरभर लांबीच्या लहरीला ती जाळी आरशासारखीच वाटते आणि सेंटिमीटरभराची चूक तिथे खपून जाते. तीन मिलिमीटरची लहर मात्र त्या डोळ्यांतून आरपार निघून जाईल. म्हणजे खोडद आणि ग्रीन बँक या दोन जागी नियम एकच वापरला गेला. लहर लांब असल्याने स्वरूपांना त्या नियमाने स्वस्ताई मिळवून दिली, आणि आखूड लहरीमागे जाणाऱ्यांकडून तो नियम पाव मिलिमीटरचा दंड वसूल करतो.

हा दंड भरताना तीन गोष्टी आड येतात: गुरुत्व, ऊन आणि वारा. तबकडी आडवी असताना तिचा जो आकार असतो तो क्षितिजाकडे कलल्यावर राहत नाही, कारण हजारो टन पोलाद स्वतःच्याच भाराने वेगळ्या तऱ्हेने वाकते. वर्षानुवर्षे यावर एकच तोड होती, ती म्हणजे सांगाडा आणखी जाड, आणखी ताठ करायचा. पण जाड करावा तर वजन वाढते आणि वजन वाढले की वाकणेही वाढते. या चक्रातून वाट काढली ती सेबास्टियन फॉन हर्नर यांनी १९६७मध्ये. सांगाडा वाकू द्या, पण तो असा रचा की वाकल्यावरही तबकडीचा आकार अन्वस्तच राहील. फक्त तिचा केंद्रबिंदू थोडा सरकेल आणि रिसीव्हर त्या नव्या जागी नेला की काम भागेल. इंजिनिअर याला 'होमॉलॉजी' म्हणतात. जर्मनीतल्या एफेल्सबर्गची १०० मीटर दुर्बीण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला याच कल्पनेवर उभी राहिली. विसाव्या शतकातल्या सुंदर अभियांत्रिकी कल्पनांत मी या कल्पनेला फार वरचे स्थान देईन, कारण तिने गुरुत्वाशी झुंजायचे सोडून त्यालाच हाताशी धरले.

ग्रीन बँकने त्याच्या पुढचे पाऊल टाकले, पण ते एका अपघातानंतर. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात तिथे १९६२पासून ३०० फुटी दुर्बीण होती. घाईने आणि स्वस्तात बांधलेली, तरी पंचवीस वर्षांहून अधिक काळ राबलेली. १५ नोव्हेंबर १९८८च्या रात्री सांगाड्यातला एक सांधा तुटला आणि सगळी दुर्बीण काही क्षणांत जमीनदोस्त झाली. सुदैवाने कुणी दगावले नाही. सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या पुढाकाराने नव्या दुर्बिणीसाठी साडेसात कोटी डॉलर मंजूर झाले, पुढे खर्च वाढत गेला, आणि ऑगस्ट २०००मध्ये जिचे लोकार्पण झाले ती आज पूर्णपणे फिरवता येणारी जगातली सर्वात मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तबकडी १०० मीटर रुंद, ११० मीटर लांब. उंची १४८ मीटर, वजन साडेसात हजार टनांहून अधिक. रिसीव्हर तोलणारा हात तबकडीच्या मधोमध उभा न करता बाजूने वर नेला आहे, त्यामुळे आकाशातून येणाऱ्या लहरींवर कशाचीच सावली पडत नाही. खरे वेगळेपण मात्र पृष्ठभागाच्या खाली आहे. तबकडी २,००४ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची बनली आहे आणि जिथे शेजारच्या पत्र्यांचे कोपरे एकत्र येतात, त्या प्रत्येक जागी खाली मोटरवर चालणारा एक ॲक्च्युएटर आहे. असे एकूण २,२०९. दुर्बीण आकाशात जसजशी कलते, तसतसे संगणकाच्या आज्ञेने हे ॲक्च्युएटर आपापला कोपरा थोडा वर उचलतात किंवा खाली घेतात. सांगाडा वाकतो, पत्रे ते वाकणे भरून काढतात. इथे आकार ही एकदाच साधायची गोष्ट राहत नाही. निरीक्षण चालू असेपर्यंत तो सतत धरून ठेवावा लागतो.

पण किती उचलायचे आणि किती दाबायचे, हे सांगणार कोण? माझ्या मते मोठ्या तबकडीचा सगळा प्रश्न इथे येऊन ठेपतो. संगणकावरच्या प्रतिकृतीतून गुरुत्वाने होणारे वाकणे बऱ्यापैकी काढता येते, पण ते पुरत नाही. म्हणून दुर्बिणीलाच स्वतःची मोजणी करायला लावतात. यातली एक रीत दूरवरच्या ठळक क्वेसारची. क्वेसार म्हणजे दुर्बिणीच्या दृष्टीने निव्वळ एक बिंदू. निरीक्षक त्याच्यावरून दुर्बीण पुढेमागे फिरवून त्याचा एक नकाशा घेतो, मग तबकडीवरून आलेल्या लहरी रिसीव्हरकडे वळवणारा दुय्यम आरसा मुद्दाम थोडा एका बाजूला सरकवून, केंद्र बिघडवून, दुसरा घेतो, आणि उलट्या बाजूला सरकवून तिसरा. बिघडलेल्या नकाशांत तो बिंदू पसरून कडे होतो. कड्याची एक बाजू जाड, दुसरी फिकट दिसली तर त्या असमतोलात तबकडीच्या कुठल्या भागात फुगवटा आहे आणि कुठे खळगा, ही माहिती दडलेली असते. गणित करून ती काढतात, दुरुस्ती ॲक्च्युएटरांना कळवतात आणि पुन्हा क्वेसारकडे पाहतात. बिंदू आता टोकदार आणि अधिक तेजस्वी झालेला असतो. हे सारे अर्ध्या तासाच्या आसपास उरकते. दुसरी रीत अधिक बारकाईची. भूस्थिर उपग्रहाचा अखंड संदेश ऐकत पृष्ठभागाचा जणू होलोग्राम काढायचा आणि एकेका पत्र्याच्या कोपऱ्याची चूक हुडकायची.

या दुसऱ्या रीतीने २००९च्या सुमारास ग्रीन बँकच्या पृष्ठभागाची चूक साधारण ४०० मायक्रॉनवरून २४० मायक्रॉनपर्यंत खाली आली. हे आकडे रुझ यांच्या सूत्रात घालून पाहावेत. साडेतीन मिलिमीटरच्या लहरीसाठी ४०० मायक्रॉन चुकीच्या तबकडीतून सुमारे १३ टक्के हाती लागते, २४० मायक्रॉनच्या तबकडीतून सुमारे ४८ टक्के. म्हणजे जवळजवळ चौपट. मंद संकेत गोंगाटातून वेगळा काढायला लागणारा वेळ कार्यक्षमतेच्या वर्गाने बदलतो, म्हणून कागदावर चौदा रात्रींचे काम एका रात्रीत बसते. यासाठी तबकडीत नवा पोलादी खांब लागला नाही, तिचा व्यास इंचभरही वाढला नाही. वाढले ते फक्त तिच्याविषयीचे ज्ञान. कार्यक्षमता चौपट करायला दुसऱ्या मार्गाने गेलो असतो तर दोनशे मीटर व्यासाची तबकडी बांधावी लागली असती, आणि तिचा पृष्ठभाग सांभाळणे कुणाच्याच आवाक्यातले नव्हते.

उन्हाचा प्रश्न याहून चिवट आहे. पोलाद दर अंश सेल्सिअसला लांबीच्या लाखातल्या सव्वा भागाएवढे प्रसरण पावते. शंभर मीटर लांबीच्या पोलादात एका अंशाने सव्वा मिलिमीटरची भर पडते, आणि आपले सगळे भांडण पाव मिलिमीटरसाठी आहे. संपूर्ण सांगाडा सारखाच तापला तर फारसे बिघडत नाही, आकार त्याच प्रमाणात वाढतो. पण सकाळी ऊन एका अंगाने येते, एक खांब तापतो, शेजारचा सावलीत गार राहतो, आणि रात्रभर नीट बसलेला आकार उन्हाबरोबर हलू लागतो. म्हणून ग्रीन बँकचे तीन मिलिमीटरचे काम मुख्यतः थंडीतल्या शांत रात्रींचे. पिको वेलेताच्या ३० मीटर दुर्बिणीने यावर वेगळा उपाय केला. तिचा मागचा सांगाडा आच्छादून आतले तापमान सर्वत्र सारखे राखले जाते. शंभर मीटर पसरलेल्या उघड्या सांगाड्याला ते शक्य नाही. म्हणून तिथे लेझर स्कॅनर बसवण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला. तबकडीवरून लेझरची किरणे फिरवून लक्षावधी बिंदूंची अंतरे काही मिनिटांत मोजायची आणि दिवसाउजेडी होणारा बिघाड रात्रीच्या आकाराशी ताडून त्याच वेळी दुरुस्त करायचा. हे साधले की दिवसाचे तासही हाती येतात. वाऱ्यावर मात्र पुरता इलाज नाही. ८६ गिगाहर्ट्झला या दुर्बिणीचा झोत जेमतेम नऊ विकलांचा असतो. एवढ्या अरुंद झोताने नेम धरायचा तर एक-दोन विकलांची थरथरही भोवते. वारा सुटला की तीन मिलिमीटरचे काम थांबवून लांब लहरींचे काम हाती घेतात. कुठले निरीक्षण कधी घ्यायचे, हे तिथे हवामानाचा अंदाज पाहून रोज ठरते.

आता सर्वात वजनदार आक्षेप. चिलीच्या आटाकामा वाळवंटात, पाच हजार मीटर उंचीवर 'आल्मा' आहे. ५४ तबकड्या १२ मीटरच्या, १२ तबकड्या ७ मीटरच्या, खर्च सुमारे १४० कोटी डॉलर. छोटी तबकडी अचूक बनवणे सोपे आणि अशा अनेक तबकड्या जोडल्या की किलोमीटरांच्या अंतराएवढी तीक्ष्ण नजर मिळते. मग शंभर मीटर पोलाद आकाशात तोलण्याचा हट्ट कशाला? आक्षेप खरा आहे आणि आकड्यांची लपवाछपवी करण्यात अर्थ नाही. भूमितीने पाहिले तर ग्रीन बँकच्या एकट्या तबकडीचे उघडे क्षेत्रफळ, साधारण ७,८५० चौरस मीटर, 'आल्मा'च्या ६६ तबकड्यांच्या बेरजेहून, म्हणजे साधारण ६,५७० चौरस मीटरहून, जास्त भरते. पण पृष्ठभागाची चूक आणि इतर गळती वजा केली तर तीन मिलिमीटरच्या आसपास ग्रीन बँकचा तिसरा हिस्साच कामी येतो, 'आल्मा'चा सुमारे सत्तर टक्के. निव्वळ संवेदनशीलतेत 'आल्मा' पुढे आहे आणि तीक्ष्णतेत तर तुलनाच नको.

पण संचाला एक जन्मजात मर्यादा असते, आणि ती तंत्राची उणीव नसून भौतिकशास्त्राचीच आहे. संच दोन-दोन तबकड्यांच्या अंतरातून चित्र रचतो. दोन तबकड्या एकमेकींना भिडण्यापलीकडे जवळ येऊ शकत नाहीत, म्हणून आकाशात विस्ताराने, सावकाश पसरलेले तेज संचाच्या हातून निसटते. त्याला बारीक कंगोरे दिसतात, पण ज्या पार्श्वभूमीवर ते उभे आहेत तीच गायब होते. हे नुकसान किती मोठे असू शकते याचा पुरावा 'भोवरा' म्हणून प्रसिद्ध असलेल्या एम-५१ दीर्घिकेतून मिळाला. फ्रान्समधल्या प्लातो द ब्यूरच्या संचाने तिच्यातला कार्बन मोनॉक्साइड अतिशय बारकाईने टिपला. मग पिको वेलेताच्या ३० मीटर तबकडीचा नकाशा त्यात मिसळल्यावर २०१३मध्ये दिसले की संचाला एकूण तेजापैकी निम्मेच हाती लागले होते. उरलेले निम्मे तेज पातळ, विस्तृत वायूचे होते, आणि त्यावरून त्या दीर्घिकेच्या वायूला जाड, विरळ चकतीचाही एक भाग असल्याचे पुढे आले. एकटी तबकडी नसती तर निम्मा वायू हिशेबातून गळला असता आणि गळला हेही कळले नसते. मृगातल्या मेघाच्या मोठ्या नकाशातही कॅलिफोर्नियातल्या 'कार्मा' संचाला जपानच्या नोबेयामाच्या ४५ मीटर तबकडीची जोड द्यावी लागली. आणि 'आल्मा'च्या रचनाकारांनी आपल्या १२ मीटरच्या चार तबकड्या एकेकट्या वापरण्यासाठी राखून ठेवल्या आहेत, त्या याच कारणाने. ज्यांनी संच बांधला त्यांनीच एकट्या तबकडीची गरज अशी नोंदवून ठेवली आहे. प्रश्न उरतो तो फक्त ती किती मोठी असावी एवढाच. जी अंतरे संचातून सुटतात ती भरून काढायला आणि दोन्ही नकाशे सांधायला, तबकडी संचातल्या एकेका अँटेनाहून बरीच मोठी असलेली बरी.

दुसरी गोष्ट व्याप्तीची. तीन मिलिमीटरला 'आल्मा'च्या अँटेनाला एका वेळी आकाशाचा साधारण एका कलेचा तुकडा दिसतो. चंद्रबिंब तीस कलांचे आहे, यावरून आवाका कळावा. मोठ्या तबकडीच्या केंद्राशी मात्र अनेक रिसीव्हर शेजारी शेजारी बसवता येतात. ग्रीन बँकच्या 'आर्गस'मध्ये १६ आहेत, तर 'मस्टँग-२' या ९० गिगाहर्ट्झच्या कॅमेऱ्यात निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड ठेवलेले २२३ संवेदक. या कॅमेऱ्याने दीर्घिकासमूहांतला कोट्यवधी अंशांचा तप्त वायू पाहता येतो, तोही उलट्या वाटेने. विश्वाच्या आरंभापासून पसरलेला सूक्ष्मलहरींचा प्रकाश त्या वायूतून येताना किंचित कमी होतो आणि आकाशात पुसटशी सावली पडते. सावलीतल्या तीव्र कोपऱ्यांवरून दोन समूह एकमेकांवर कुठे आदळले ते कळते. ही सावली काही कलांपर्यंत पसरलेली असते, म्हणजे नेमकी तीच मधली पातळी जिथे संच चुकतो आणि छोट्या तबकडीला बारकावा उरत नाही. मेक्सिकोतल्या सिएरा नेग्रावर ४,६०० मीटर उंचीच्या ५० मीटर दुर्बिणीचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. २००६मध्ये तिचे उद्घाटन झाले तरी ती अपुरीच होती. आतला ३२ मीटरचाच भाग वापरात आणला गेला. त्या अर्धवट तबकडीने, ७३ ते १११ गिगाहर्ट्झचा सगळा पट्टा एकाच दमात वाचणाऱ्या रिसीव्हरच्या जोरावर, एका धुळकट दीर्घिकेचे अंतर पक्के करायला मदत केली. प्रकाश तिथून निघून १,२७० कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला होता. शोध २०१८मध्ये प्रसिद्ध झाला आणि बाहेरची कडी बसून तबकडी पूर्ण ५० मीटरची झाली तीही त्याच सुमारास.

संच आणि तबकडी यांना एकमेकांसमोर उभे करणे चुकीचे आहे, हे कृष्णविवराच्या चित्रातूनही दिसते. एप्रिल २०१९मध्ये जगापुढे आलेले एम-८७ दीर्घिकेच्या केंद्राचे चित्र पृथ्वीभर विखुरलेल्या दुर्बिणींनी १.३ मिलिमीटरला टिपले. त्यांत 'आल्मा' होती, तशीच पिको वेलेताची ३० मीटर आणि मेक्सिकोची मोठी तबकडीही होती. अशा जाळ्यात दोन दुर्बिणींच्या जोडीची ताकद दोघींच्या क्षेत्रफळांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने ठरते. जोडीत एक मोठी असली की छोटीचेही बळ वाढते. पुढे २०२३मध्ये त्याच कृष्णविवराचे कडे आणि त्यातून निघणारा झोत एकाच चित्रात दिसले, ते ३.५ मिलिमीटरच्या जागतिक जाळ्याने. त्या जाळ्याचे बळ ज्यांच्यावर उभे आहे त्यांत ग्रीन बँक आणि एफेल्सबर्ग या दोन्ही शंभर मीटर तबकड्या येतात.

यानंतर हवेचा आक्षेप. ग्रीन बँक जेमतेम ८०० मीटर उंचीवर, दमट जंगलांच्या प्रदेशात आहे. मिलिमीटरचा शत्रू तर पाण्याची वाफ. जागा चुकली, असे कुणी म्हटले तर एक मिलिमीटरच्या बाबतीत ते बरोबरच ठरेल. त्या लहरींसाठी सिएरा नेग्रा किंवा आटाकामाला पर्याय नाही. पण तीन मिलिमीटरची खिडकी वाफेला बरीच सोशिक आहे. थंडीतल्या कोरड्या रात्री ती पुरेशी उघडते, आणि शंभर मीटरचा पसारा उरलेली कसर भरून काढतो. मग याहून साधा उपाय, म्हणजे ३० मीटरची अधिक अचूक तबकडी उंचावर बांधणे, का नको? ती असावीच आणि आहेच. फक्त ३० मीटरला तीन मिलिमीटरवर झोत तिपटीहून रुंद होतो. जवळच्या ढगांत तारा होण्याच्या बेतात असलेले वायूचे गाभे त्या झोतात एकमेकांत मिसळतात, शंभर मीटरला ते सुटे दिसतात. उरतो तासांचा मुद्दा. चांगल्या रात्री थोड्याच, म्हणून दुर्बिणीचा बराच काळ वाया जातो, हे म्हणणे तीच दुर्बीण उरलेल्या वेळी पल्सार, उदासीन हायड्रोजन आणि अमोनियाच्या लांब लहरींवर राबते हे विसरते.

तरीही २०१२मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या पुनरावलोकन समितीने ग्रीन बँकचा भार प्रतिष्ठानने सोडावा अशी शिफारस केली, आणि २०१६मध्ये ही वेधशाळा राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेपासून वेगळी झाली. पैसा मोजका असताना नवे हवे तर जुने सोडावे लागते, ही समितीची अडचण मला समजते. पण तिच्या हिशेबात दुर्बिणीचे वय बांधकामाच्या तारखेपासून मोजलेले दिसते. पृष्ठभागाच्या दृष्टीने ग्रीन बँकची तीन मिलिमीटरची दुर्बीण २०००मध्ये जन्मलीच नव्हती. ती २००९नंतर घडत गेली. कॅमेरे त्याहून नंतर आले. एफेल्सबर्गलाही २००६मध्ये नवा, सावरता येणारा दुय्यम आरसा मिळाला आणि पन्नाशी उलटलेली ती तबकडी आजही जागतिक जाळ्यात बसते. आपल्या खोडदचा दाखला तर घरचाच. तबकड्या त्याच ठेवून रिसीव्हर आणि मागची इलेक्ट्रॉनिक्स बदलली, एका वेळी ऐकायचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत नेला, आणि जुनी दुर्बीण नव्या दमाने उभी राहिली. लहर वेगळी, तंत्र वेगळे, पण मोठे पोलाद एकदा उभे राहिले की त्याची शक्ती त्याच्याभोवतीच्या माणसांच्या मोजमापाने वाढत जाते, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे.

भारताकडे मिलिमीटरचा अनुभव अगदीच नाही असे नाही. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत १०.४ मीटरची मिलिमीटर तबकडी होती आणि तिने वृद्ध ताऱ्यांभोवतीच्या सिलिकॉन मोनॉक्साइडच्या ८६ गिगाहर्ट्झच्या मेसर लहरी टिपल्या. लडाखमध्ये हानले इथे ४,५०० मीटर उंचीवर वेधशाळा उभ्या आहेत आणि तिथली हवा कोरडी आहे. उद्या तिथे मोठ्या मिलिमीटर तबकडीचा विचार झालाच, तर चर्चा व्यासापासून सुरू होईल, कारण व्यास सांगायला सोपा आणि ऐकायला भारदस्त. माझ्या मते ती मोजणीपासून सुरू व्हावी: रोज, दर तासाला, ऊन असताना आणि वारा असताना तबकडीचा आकार कोण आणि कशाने मोजणार, आणि त्यासाठी माणसे कुठून येणार. आटाकामात 'ॲटलास्ट' या ५० मीटर तबकडीचा जो आराखडा युरोपातले गट आखत आहेत, त्यात हा क्रम आधीच उलटलेला दिसतो. पृष्ठभागाची चूक २० ते ३० मायक्रॉन, म्हणजे ग्रीन बँकच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवायची आहे, आणि सावरणारा पृष्ठभाग तसेच त्याची मोजणी तिथे मागाहून जोडायची गोष्ट नाही. ती पहिल्या रेखाटनापासूनच धरलेली आहे.